हापूस निघाला सातासमुद्रापार... डब्यात बसून!

लंडनला, दुबईला नाहीतर न्यू जर्सीला राहणारा एखादा मावसभाऊ किंवा आतेबहीण आजकाल प्रत्येकाच्या घरात असतेच. ऐन डिसेंबरात फोनवर ते सहज सांगतात, "आज रविवार ना, आमरस-पुरीचा बेत केला होता." बाहेर कडाक्याची थंडी आणि यांच्या वाटीत हापूस! आपण इथे कोकणाच्या उंबरठ्यावर राहूनही मे महिन्याची वाट बघत बसतो.

अर्थात तो आमरस डब्यातला असतो. आणि तो डबा तिथे पोचतो जहाजाने. एवढं उत्तर कुणीही देईल. पण "जहाजाने" या एका शब्दात थर्मोडायनॅमिक्स, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, बारावीची केमिस्ट्री आणि थोडा कायदासुद्धा दडलेला आहे, हे मला टी.ई.ला आल्यावर कळलं. तेही पुस्तकातून नाही, मामाच्या एका कंटेनरमुळे.

माझ्या मामाचा रत्नागिरी जिल्ह्यात आमरसाचे डबे भरण्याचा छोटा कारखाना आहे. सीझनमध्ये गावातल्या वीस-पंचवीस बायका तिथे आंबे धुतात, सोलतात, डबे तपासतात. त्या दोन महिन्यांच्या पैशांवर कित्येक घरांतल्या मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागतो. २०२४ साली मामाच्या युरोपला गेलेल्या एका कंटेनरचं जे झालं, त्यावर हा लेख आहे.

एक सूचना आधीच. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यात माझा अजूनही गोंधळ होतो. म्हणून सगळे आकडे आकड्यांतच लिहिले आहेत. सांभाळून घ्या!

डब्यात आंबा टिकतो कसा?

आधी मूळ प्रश्न. ताजा हापूस आठवड्याभरात उतरतो, मग डब्यातला रस फ्रीजशिवाय दोन वर्षं कसा राहतो?

याचं श्रेय जातं एका फ्रेंच हलवायाला. नेपोलियनच्या काळात फ्रेंच सरकारने सैन्यासाठी अन्न टिकवण्याच्या युक्तीला बक्षीस ठेवलं होतं. निकोलस ॲपेर नावाच्या माणसाने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचं घट्ट लावून त्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. अन्न टिकलं! १८१० साली त्याला १२,००० फ्रँक मिळाले. गंमत म्हणजे अन्न का टिकतं हे त्यालाही माहीत नव्हतं, कारण लुई पाश्चर तेव्हा जन्मालाही यायचा होता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरांडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. डबा उघडायच्या ओपनरचं अमेरिकन पेटंट मात्र १८५८ सालचं. मधली ४८ वर्षं लोक छिन्नी-हातोडी घेऊन जेवायला बसत असावेत!

आज आपल्याला कारण माहीत आहे. उष्णतेने जंतू मरतात आणि डबा हवाबंद असल्यामुळे नवे आत शिरत नाहीत. पण किती उष्णता? इथे ४.६ हा पीएच म्हणजे लक्ष्मणरेषा आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा एक अत्यंत विषारी जंतू आहे, त्याला हवा नकोच असते. म्हणजे बंद डबा हे त्याचं आवडतं घर. पण आंबट पदार्थात, पीएच ४.६ किंवा त्याखाली असेल तर, तो वाढत नाही. आंब्याचा रस या रेषेच्या खाली बसतो. म्हणून गरम रस डब्यात भरून, झाकण शिवून, उकळत्या पाण्यात ठरावीक वेळ ठेवला आणि लगेच गार केला की काम झालं.

हेच डाळ, पालक पनीर किंवा बटाट्याच्या भाजीच्या पाकिटाला चालणार नाही. ते पदार्थ रेषेच्या वरचे. त्यांना प्रेशर कुकरच्या मोठ्या भावात, म्हणजे रिटॉर्टमध्ये, १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं. या तापमानाला त्या जंतूचे बीजाणू दहापट कमी व्हायला साधारण ०.२१ मिनिट लागतं. उद्योगाचा नियम असा की असं १२ वेळा दहापट कमी करायचं. ०.२१ गुणिले १२, म्हणजे अडीच मिनिटं. आणि तापमान १० अंशांनी कमी ठेवलं तर? वेळ दहापट, म्हणजे २५ मिनिटं! लॉगरिदम शिकताना "याचा काय उपयोग?" असं विचारणाऱ्या माझ्या सर्व मैत्रिणींना हे उदाहरण सप्रेम भेट.

जाता जाता एक घरगुती टीप. डबा गार झाला की आत थोडी पोकळी तयार होते, त्यामुळे चांगल्या डब्याचं झाकण किंचित आत खेचलेलं असतं. झाकण बाहेर फुगलेलं दिसलं की समजायचं आत कुणीतरी गॅस बनवतंय. तो डबा चाखूनही बघायचा नाही, सरळ फेकून द्यायचा.

विमान की जहाज?

ताजा हापूस बहुतेक विमानाने जातो, कारण त्याच्याकडे वेळ नसतो. शिवाय त्याच्यामागे नियमांचा ससेमिरा असतो. फळमाशीच्या कारणावरून युरोपियन युनियनने मे २०१४ पासून भारतीय आंब्यांवर बंदी घातली होती, ती जानेवारी २०१५ मध्ये उठली. डब्यातल्या रसात माशी जिवंत राहणं शक्य नाही, त्यामुळे त्याला ही भीती नाही. त्याला घाईही नाही. तो महिनाभर समुद्रावर रमतगमत जाऊ शकतो आणि जहाजाचं भाडं विमानाच्या मानाने किलोमागे फारच थोडं पडतं.

हे भाडं एवढं स्वस्त झालं ते एका लोखंडी पेटीमुळे. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्याने 'आयडियल एक्स' नावाच्या जहाजावर ५८ पेट्या चढवून नुअर्कहून ह्युस्टनला पाठवल्या. त्याआधी प्रत्येक पोतं, प्रत्येक पिंप हमाल पाठीवरून चढवत. मॅक्लीनची कल्पना साधी होती. माल नाही, अख्खी पेटीच उचला! आज ट्रक, रेल्वे, जहाज, सगळे तीच पेटी उचलतात. आपल्याकडे उरण तालुक्यातलं न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं, आणि कोकणातला रस तिथूनच निघतो.

२० फुटी पेटीचं गणित

आता थोडं गणित, पेन्सिल घ्या. २० फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.३९ मीटर उंच असतो. म्हणजे आतली जागा ३३ घनमीटर. रिकाम्या पेटीचं वजन सुमारे २,२०० किलो आणि मालासकट कमाल ३०,४८० किलो.

मामाचा डबा ३.१ किलोचा. एका खोक्यात ६ डबे. डबे, पुठ्ठा धरून एका खोक्याचं वजन साधारण २१ किलो. एका थरात ९० खोकी बसतात, असे १० थर. एकूण ९०० खोकी, म्हणजे जवळजवळ १९ टन. छत आणि वरचा थर यांच्यात अर्धा मीटर जागा उरते. ही अर्धा मीटर जागा लक्षात ठेवा, पुढे तिचंच काम आहे.

आता सर्वांत खालच्या खोक्याचा विचार करा. त्याच्या डोक्यावर ९ खोकी, म्हणजे १८९ किलो. पण जहाज काही स्थिर उभं नसतं, ते लाटांवर वर-खाली होतं. कंटेनरच्या दारावर एक छोटी प्लेट असते. तिच्यावर एकावर एक किती वजन रचता येईल ते "१.८ जी"साठी दिलेलं असतं. बऱ्याच पेट्यांवर हा आकडा १,९२,००० किलो असतो आणि हा सगळा भार चार कोपऱ्यांतले खांब पेलतात. तेच १.८ आपल्या खोक्याला लावलं तर १८९ चे झाले ३४० किलो!

पुठ्ठा एवढा भार कसा सोसतो? तो सोसतच नाही. भार सोसतात डबे. डब्यावर डबा सरळ रेषेत असला की भार पत्र्याच्या नळकांड्यातून खाली जातो. पुठ्ठ्याचं काम फक्त डबे रेषेत धरून ठेवायचं. पण पुठ्ठा ओला झाला की त्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. मग डबे सरकतात, वरच्या डब्याची कड खालच्याच्या शिवणीवर येते आणि डबा चेपतो. शिवण चेपली म्हणजे हवाबंदपणाचा भरवसा संपला.

मामाच्या कंटेनरचं काय झालं?

२०२४ च्या जुलैमध्ये मामाने कारखान्यातच कंटेनर भरला. बाहेर कोकणातला धो-धो पाऊस. पेटी भरून, सील लावून ट्रेलर न्हावा-शेव्याला गेला आणि तिथून युरोपला निघाला.

नेहमीचा रस्ता म्हणजे तांबडा समुद्र आणि सुएझ कालवा. पण नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले होते आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांनी आपली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली होती. भूगोलात आपण शिकलोय, मुंबई ते लंडन सुएझमार्गे साधारण ११,६०० किलोमीटर आणि केप ऑफ गुड होपमार्गे साधारण १९,८००. फरक ८,२०० किलोमीटरचा. जहाज १५ नॉट्सने चाललं तर दिवसाला सुमारे ६६७ किलोमीटर. म्हणजे जादाचे १२ दिवस! १८६९ साली सुएझ कालवा उघडण्याआधी जो रस्ता होता, तोच पुन्हा नशिबी आला. वाटेत पेटी एका बंदरात दुसऱ्या जहाजाची वाट बघत पडून राहिली, ते वेगळंच. एकूण सात आठवडे लागले.

तिथे दार उघडलं तर वरची खोकी भिजून लोळागोळा झालेली. लेबलांवर बुरशी. डब्यांवर तांबूस गंजाचे ठिपके. एका बाजूची रास कोसळून डबे चेपलेले. रस मात्र आतून उत्तम! न चेपलेला एक डबा उघडून बघितला तर रंग, वास, सगळं जिथल्या तिथे. पण गंजका डबा दुकानाच्या फळीवर कोण ठेवणार?

पत्र्याच्या डब्यावर कथिलाचा जो थर असतो, तो साधारण एका मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीच्या कित्येक पटींनी कमी असतो. कुठे ओरखडा गेला आणि तिथे पाणी बसलं की आतलं पोलाद गंजायला लागतं. वरवरचा गंज पुसून जातो, पण तो खोल गेला तर सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. म्हणून ग्राहकाने एकेक डबा तपासायला माणसं लावली, त्याचा खर्च मामाच्या बिलातून कापला, खराब डबे नष्ट केले त्याचेही पैसे कापले. त्या वर्षीचा मामाचा सगळा नफा त्यात गेला.

घरात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, "जहाजावर लाटेचं पाणी शिरलं. भरपाई मागा!"

बारावीच्या प्रॅक्टिकलची साक्ष

विमा कंपनीने तिकडे सर्व्हेअर पाठवला. त्याचा रिपोर्ट आला बारा पानी आणि भयंकर इंग्रजीत. मामाने तो माझ्याकडे पाठवला. "तू कॉन्व्हेंटवाली ना गो? मग सांग बघू काय लिहिलंय ते," असं म्हणाला. तेव्हा माझी पी.एल. चालू होती, पण मामाला नाही कसं म्हणणार?

रिपोर्टमध्ये एक वाक्य वाचून मी खुर्चीतून उठलेच. सर्व्हेअरने ओल्या खोक्यांवर आणि गंजावर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून पाहिले होते! आठवतंय का बारावीचं सॉल्ट ॲनॅलिसिस? क्लोराइड असेल तर पांढरा साका येतो. समुद्राच्या पाण्यात मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. पाणी समुद्राचं असतं तर साका आला असता. आला नाही. म्हणजे पाणी गोडं होतं.

मग पावसाचं पाणी आत गळलं का? कंटेनरचं दार आतून बंद करून उजेड कुठून येतो का तेही त्याने पाहिलं होतं. पेटीला एकही भोक नव्हतं, दाराचं रबरही शाबूत होतं.

पाणी बाहेरून आलं नाही. मग आलं कुठून?

पाऊस पडला... कंटेनरच्या आत!

उत्तर आपल्या सिलॅबसमध्येच आहे. सायक्रोमेट्रिक चार्ट काढा. जुलैत कोकणात दार बंद करताना आतली हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के धरू. या हवेचा दवबिंदू येतो साधारण २७ अंश. म्हणजे कंटेनरचं छत २७ च्या खाली गेलं की छताला आतून घाम फुटणार. छत म्हणजे दोनेक मिलिमीटरचा नुसता पत्रा, त्याला कुठलंही इन्सुलेशन नाही. रात्री उघड्या डेकवर ते झटकन गार होतं. घाम जमतो, थेंब होतात, आणि त्या अर्ध्या मीटरच्या मोकळ्या जागेतून ते थेट वरच्या थरावर टपकतात. शिपिंगवाले याला कंटेनर रेन म्हणतात.

आता कुणी हुशार विद्यार्थी विचारेल की बंद पेटीतल्या हवेत असं पाणी असतं तरी किती? बरोबर प्रश्न! मीही हिशोब केला. खोक्यांमधल्या फटी धरून आत मोकळी हवा साधारण १४ घनमीटर. दर घनमीटरला २५ ग्रॅम वाफ. एकूण ३५० ग्रॅम. दोन-तीन कप चहाएवढं पाणी! तेवढ्याने खोक्यांचा लोळागोळा होत नाही.

खरा गुन्हेगार हवा नाहीच, पुठ्ठा आहे. पुठ्ठा म्हणजे कागद आणि कागद ओलावा पितो. कोरड्या हवेत त्याच्यात साधारण ८ टक्के पाणी असतं, कोकणच्या पावसाळ्यात ते सहज १४ टक्क्यांवर जातं. हाताला तो कोरडाच लागतो, हीच तर फसगत! एका खोक्याचा पुठ्ठा अर्धा किलो धरला तर ९०० खोक्यांचा ४५० किलो. त्याचे ६ टक्के म्हणजे २७ लिटर जादाचं पाणी. दीड बादली पाणी मामाने स्वतःच्या हाताने आत ठेवून दार बंद केलं होतं, आणि कुणालाच ते दिसलं नव्हतं. शिवाय कंटेनरची जमीन प्लायवूडची, तीही ओलावा धरून असते.

हे पाणी पुठ्ठ्यातून बाहेर काढायचं काम ऊन करतं. दिवसा छत तापतं, वरच्या खोक्यांतलं पाणी वाफ होऊन हवेत येतं. रात्री छत गार होतं, वाफेचं पाणी होऊन पुन्हा खाली पडतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रोज एक छोटंसं जलचक्र! आपल्या चौथीच्या पुस्तकात होतं ना, समुद्र-ढग-पाऊस, अगदी तसंच, फक्त २० फुटी पेटीत.

त्यात केपचा वळसा. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो. ऑगस्टमध्ये केपटाऊनला रात्री पारा १० च्या खाली उतरतो. १७ टन रस काही एका दिवसात गार होत नाही, त्याची उष्णता धरून ठेवायची क्षमता प्रचंड. म्हणजे आत ऊबदार माल ओलावा सोडतोय आणि बाहेर पत्रा गारठलाय. आंघोळीच्या गरम पाण्याने बाथरूमचा आरसा धुरकट होतो, तो प्रकार दिवसेंदिवस चालू. नेमकं कुठल्या रात्री किती पाणी पडलं हे सांगता येणार नाही, कारण आत तापमान-आर्द्रता नोंदवणारं यंत्रच नव्हतं. पण गोडं पाणी, शाबूत पेटी आणि वरचाच थर भिजलेला, या तिन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात.

मग नुकसान कुणाचं?

इथे मला इंजिनिअरिंगपेक्षा कायदा कठीण वाटला.

मामाने माल सी.आय.एफ. अटीवर विकला होता. म्हणजे मालाची किंमत, विमा आणि भाडं सगळं त्याच्याकडे. पण एक गंमत आहे. या अटीत भाडं तिकडच्या बंदरापर्यंतचं विकणारा भरतो, तरी माल न्हावा-शेव्याला जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची होते. म्हणजे कायद्याने पाहिलं तर मामा सुटला? नाही. खरेदीदाराचं म्हणणं, "पॅकिंगच प्रवासाला लायक नव्हतं, दोष चढवण्याआधीचा आहे." आणि आकडे पाहिले तर त्यात तथ्य होतं.

बरं, विमा? समुद्री मालाच्या विम्यात 'इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ए' हे सर्वांत मोठं छत्र मानतात. "ऑल रिस्क्स" असं त्याला बोलीभाषेत म्हणतात. पण त्या छत्रीलाही भोकं आहेत. मालाच्या अंगच्या गुणदोषाने झालेलं नुकसान, अपुऱ्या पॅकिंगमुळे झालेलं नुकसान आणि उशिरामुळे झालेलं नुकसान, ही तिन्ही त्यातून वगळलेली असतात. पाणी पुठ्ठ्यातलंच निघालं, म्हणजे अंगचा गुण. सात आठवडे लागले, म्हणजे उशीर. दोन्हीकडून दार बंद. सिल्व्हर नायट्रेटच्या दोन थेंबांनी निकाल लावला होता.

मला राग आला. ज्या बायकांनी उन्हाळाभर राबून डबे भरले त्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. रस चोख होता. हरला तो पुठ्ठा. मोठ्या निर्यातदारांकडे हे सगळं बघायला वेगळा माणूस असतो, छोट्या कारखानदाराला मात्र हे ज्ञान एक कंटेनर गमावून विकत घ्यावं लागतं.

उपाय काय?

समाधानाची गोष्ट अशी की उपाय महाग नाहीत.

पहिला : खोकी पावसाळ्याआधी आणून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, जमिनीपासून उंचावर ठेवायची. मॉइश्चर मीटरने पुठ्ठा आणि प्लायवूडची जमीन तपासायची. ओली पेटी आली तर परत पाठवायची. भाडं आपण देतो, भीड कसली?

दुसरा : लाकडी पॅलेट वापरलं तर ते सुकं हवं. आयएसपीएम-१५ या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे लाकूड किडीसाठी तापवलेलं असावं लागतं. गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटं. त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो. पण हा शिक्का कीड नसल्याचा आहे, कोरडेपणाचा नाही! तापवलेलं पॅलेट पावसात ठेवलं तर शिक्का तसाच राहतो आणि लाकूड चिंब.

तिसरा : कंटेनरच्या आत कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगायच्या. आपल्या बॅगेत, बुटांच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी असते, तिचा हा थोरला भाऊ. तो स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त पाणी पिऊ शकतो. मात्र २७ लिटर पाणी त्याच्याही आवाक्याबाहेरचं. म्हणून आधी पहिला उपाय, मग हा.

चौथा : वरच्या थरावर पाणी शोषणारा कागद पसरायचा. थेंब पडले तर त्याच्यावर.

पाचवा : तिकडे थंडीत माल पोचला तर गार डब्यांचं दार एकदम ऊबदार गोदामात उघडायचं नाही. नाहीतर फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखं दव थेट डब्यावर धरतं. हा उलटा घाम!

मामाने २०२५ मध्ये पहिले चार उपाय केले आणि पाचवा खरेदीदाराला पत्रात लिहून कळवला. कंटेनर कोरडा पोचला. एका कंटेनरवरून सिद्धांत मांडायचा नसतो, हे आमच्या मॅडमनी पक्कं शिकवलंय. पण तोच खरेदीदार पुन्हा ऑर्डर देतोय आणि त्याच बायका पुन्हा कामावर आहेत, एवढं मी नक्की सांगू शकते.

फायनल इयरवाल्यांसाठी

दरवर्षी प्रोजेक्टचा विषय शोधताना आपण सगळे तीच ती लाईन-फॉलोअर रोबोटची वाट धरतो. त्यापेक्षा हा विषय घ्या. तापमान आणि आर्द्रता दर अर्ध्या तासाने टिपणारं, दोन महिने बॅटरी पुरेल असं, छोट्या कारखानदाराला परवडेल असं यंत्र बनवा. बाजारात अशी यंत्रं मिळतात, पण ती वापरायची कशी आणि त्यातला आलेख वाचायचा कसा, हे कोकणातल्या डबेवाल्याला मराठीत समजावून सांगणारं कुणी नाही. ते काम आपलं.

आपल्या कॉलेजपासून न्हावा-शेवा काही फार लांब नाही. तिथल्या रस्त्याला लागलेली ट्रेलरची रांग बघून आपण ट्रॅफिकला शिव्या घालतो. पुढच्या वेळी जरा त्या पेट्यांकडे बघा. कुणाचं लोणचं, कुणाचे पापड, कुणाचा आमरस, आणि त्या प्रत्येकामागे कुणाचं तरी वर्षभराचं गणित. त्या गणितात दवबिंदूचा एक आकडा आपण भरू शकलो, तर चार वर्षांची फी वसूल!